टोपण लावलेली निळी केबल

मी या ग्रुपवर बरेच दिवस नुसती वाचते आहे. लिहायची ही पहिलीच वेळ... बहुधा शेवटचीही. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या.

मुख्य म्हणजे, मी असल्या गोष्टी मानत नाही. आई दर शनिवारी दाराला लिंबू-मिरची बांधते. माझा त्या मिरचीशी संबंध एवढाच, की बाहेर पडताना ती डोक्याला लागू नये म्हणून मी वाकते. इथले अनुभव मी जेवताना वाचते, घरचे सिरियल बघतात तसे. बहुतेकांमागे काहीतरी साधं कारण असणार असं वाटतं, आणि कधीकधी कॉमेंटमध्ये ते लिहायचा मोह होतो. लिहीत नाही. उगाच कोणाशी वाद कशाला.

खाली जे सांगणार आहे त्यात कोणी दिसलं नाही, कोणी हाक मारली नाही. भर दुपारी, ट्यूबलाइटच्या उजेडात, तीन धडधाकट माणसांसमोर झालं. ज्यांना घाबरायचंय त्यांनी दुसरा धागा उघडलेला बरा.

मी राहते पिंपळे गुरवला, आई-बाबांबरोबर. नोकरी निगडीतल्या एका छोट्या आयटी सर्व्हिस कंपनीत. आमची कंपनी कारखान्यांचे सर्व्हर बसवून देते आणि सांभाळते. गेल्या वर्षीपासून मला निघोज्याच्या एका प्लांटवर पाठवतात. प्लांटचं नाव लिहीत नाही. तिथे गाड्यांच्या स्टिअरिंगचे पार्ट बनतात. स्टिअरिंग म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ, म्हणून प्रत्येक पार्टला स्वतःचा नंबर असतो आणि त्याचा प्रत्येक बोल्ट किती जोराने आवळला ते सर्व्हरवर साठवलं जातं. साठवलं गेल्याचं उत्तर सर्व्हरकडून आलं, तरच पार्ट पुढच्या स्टेशनला सरकतो. उत्तर नाही आलं तर लाइन जागच्या जागी थांबते.

आता थोडं तांत्रिक, पण समजलं नाही तर पुढचं समजणार नाही.

सर्व्हर दोन आहेत. एक काम करतो, दुसरा तयारीत बसलेला असतो. डेटा मात्र सर्व्हरमध्ये नसतो, तो शेजारच्या रॅकमधल्या डिस्कच्या एका मोठ्या पेटीत असतो. सर्व्हरपासून या पेटीपर्यंत दोन फायबर केबल जातात, एक लाल पट्टीची आणि एक निळ्या पट्टीची. एक तुटली तर सगळं काम आपोआप दुसरीवरून सुरू व्हायला हवं. आम्ही याला पाथ फेलओव्हर म्हणतो. मोशीत ट्रॅफिक तुंबलं की मी तळवड्याकडून प्लांटला जाते, तसंच. फक्त इथे रस्ता इतक्या पटकन बदलायला हवा, की गाडीतल्या माणसाला कळूही नये. दोन्ही केबल गेल्या तर दुसरा सर्व्हर त्याच्या स्वतःच्या केबलवरून काम उचलतो, पण त्याला उठून बसायला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात लाइन थांबतेच.

आणि लाइन एकदा थांबली होती. मी तिथे जायच्या आधीची गोष्ट. लाल केबल खराब झाली, निळीवर काम गेलंच नाही, कारण ते सेटिंग कोणी पूर्ण केलंच नव्हतं, आणि दुसरा सर्व्हर तेव्हा आलेला नव्हता. अर्धी शिफ्ट माणसं हात बांधून बसली. तेव्हा प्लांट हेड सगळ्यांसमोर साळवे सरांना म्हणाले होते, "साळवे, पुन्हा लाइन थांबली तर तुमचं डिपार्टमेंट मी बाहेर देऊन टाकतो."

बाहेर म्हणजे आम्हाला. निगडीत माझ्या मॅनेजरने तसं प्रपोजल बनवूनही ठेवलं होतं. मला तो एवढंच म्हणाला होता, "डोळे उघडे ठेव, बास."

साळवे सर म्हणजे प्लांटचे आयटी इनचार्ज. राहणार पिंपरी, वडीलही कारखान्यातच होते. स्वतः ऑपरेटर म्हणून लागले, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन डिप्लोमा केला आणि मशीनवरून कॉम्प्युटरवर आले. रिटायरमेंटला थोडी वर्षं उरलीत. "या वयात मला बाहेर कोण घेतंय? वॉचमनलासुद्धा आता दहावी पास आणि दात शाबूत लागतात," असं ते हसत म्हणायचे. पण प्लांट हेडचा फोन आला की खुर्चीतून उठून उभे राहून बोलायचे, हे माझ्या लक्षात आलं होतं. मला पहिल्या दिवसापासून त्यांनी कधी कमी लेखलं नाही. मी फार बोलत नाही, तर त्यांनी बोलायला लावलंही नाही. डबा खाताना शेजारी बसू द्यायचे आणि पेपर वाचायचे.

तर लाल-निळ्या केबलचं ते राहिलेलं सेटिंग पूर्ण करायला मला पाठवलं होतं. मी ते केलं. आता खरी परीक्षा बाकी होती... केबल हाताने काढायची आणि काय होतं ते बघायचं. पण त्यासाठी लाइन थांबलेली हवी, आणि लाइन कोणी थांबवू देईना.

शेवटी साळवे सरांनीच मार्ग काढला. "खंडेनवमीला करू. पूजेसाठी लाइन उभीच असते."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी... आमच्या पट्ट्यात दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यांत मशीनची पूजा असते. आधी सगळं घासूनपुसून घेतात. मग झेंडूच्या माळा, हळद-कुंकू, नारळ. प्रेस, कॉम्प्रेसर, फोर्कलिफ्ट, सगळ्यांना माळ मिळते. सर्व्हर रूमलाही. तिथे फक्त उदबत्ती चालत नाही, कारण धूर झाला की आग विझवायचा गॅस सुटतो.

सर्व्हर रूमची पूजा तात्याकडे असते. तात्या प्लांटचा इलेक्ट्रिशियन, मूळ निघोज्याचाच. प्लांटच्या जागेत त्यांची जमीन गेली आहे आणि तो हे प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. मला पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "म्याडम, तुमी बसलाय न्हवं, तितं आमचा हरभरा हुता."

साळवे सर पूजेच्या भानगडीत पडत नाहीत, अडवतही नाहीत. एकदा तात्याने सर्व्हर रूममध्ये बाधा आहे का, कोणाला दाखवू या का, असं काहीतरी काढलं होतं. तेव्हा सर म्हणाले, "तात्या, माझ्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा आहेत. भूत आलंच तर तेवढ्या वाचून परत जाईल."

खंडेनवमीच्या दिवशी मोशीत गर्दी होती. झेंडूचे टेम्पो थेट रस्त्यावर उभे. मी पोचले तेव्हा सर्व्हर रूम चकाचक पुसलेली होती. दोन्ही रॅकना पुढून-मागून माळा, प्रत्येक मशीनवर कुंकवाचं बोट. तात्या काम उरकून लाइनवर गेला होता, कारण मुख्य पूजा तिथे होती आणि नारळ त्याच्याकडे होता.

मी स्क्रीनसमोर बसले आणि आधी दोन्ही पाथ तपासले. दोन ओळी असतात, एक लालची, एक निळीची. दोन्ही चालू. त्यांच्यासमोर आकडे असतात, त्या वाटेने किती डेटा गेला त्याचे. दोन्हींचे थोडे थोडे वाढत होते. सगळं ठीक होतं... हे मी मुद्दाम लिहिते आहे.

आमची पद्धत अशी, की एक जण स्क्रीनवर, एक जण केबलवर. मी स्क्रीनवर. सर शेजारच्या रॅकपाशी, डिस्कच्या पेटीजवळ. लाल केबलचं तिकडचं टोक त्यांनी काढायचं होतं. काचेतून लाइन दिसत होती. सगळे कामगार पहिल्या स्टेशनपाशी जमले होते.

"काढू?"

"काढा सर."

"देवाचं नाव घेऊ का तुझ्या मॅनेजरचं?"

मी हसले. त्यांनी केबल काढली.

स्क्रीनवर लालची ओळ मेली. निळीचा आकडा सरसर वाढायला लागला. मधे काही अडकलं नाही, की कुठे एररची ओळ आली नाही. पाठ्यपुस्तकात दाखवावं तसं.

"गेली?" सरांनी विचारलं.

"गेली. सगळं निळीवर आलं."

"बघ. उगाच घाबरत होतो." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. बराच वेळ पुसत होते.

तेवढ्यात बाहेर भोंगा वाजला. सुपरवायझरने प्रत्येक स्टेशनला वेगळा नारळ फोडायच्या ऐवजी एकाच नारळात पूजा उरकली होती आणि लाइन ठरल्यापेक्षा लवकर सुरू केली होती. स्क्रीनवर पार्टच्या नोंदी यायला लागल्या.

"अरे, कोणी सांगितलं यांना?" सर तसेच बाहेर धावले.

मी एकटी राहिले. घाबरायचं काही कारण नव्हतं. निळी केबल व्यवस्थित काम करत होती. एक केबल असेपर्यंत लाइनला काही होत नाही. फक्त एक तपासणी बाकी होती, सर्व्हरच्या मागच्या बाजूचे दिवे बघायची. लालचा विझलेला हवा, निळीचा पेटलेला हवा. मी उठले आणि रॅकच्या मागे गेले. माळ खूप भरगच्च होती, ती एका हाताने बाजूला केली.

निळी केबल सर्व्हरला लावलेली नव्हती.

अर्धवट किंवा सैल लागलेली नव्हे, पूर्ण काढलेली होती. तिच्या टोकाला पांढरं टोपण बसवलेलं होतं, धूळ जाऊ नये म्हणून आम्ही लावतो ते. केबलचं नीट वेटोळं करून ते माळेच्या दोऱ्याने रॅकच्या दांडीला बांधलेलं होतं. टोपणावरसुद्धा कुंकवाचा ठिपका होता. आणि सर्व्हरच्या मागे, जिथे ती असायला हवी, तिथे रिकामं भोक. दिवा विझलेला.

मी परत स्क्रीनपाशी आले. निळी चालू. आकडा वाढतोय. एक पार्ट, पुढचा पार्ट, त्याच्या पुढचा... सगळ्यांना सर्व्हरचं उत्तर जात होतं.

परत मागे गेले. केबल झेंडूत बांधलेली.

अशी मी काही वेळा येजा केली. अंगावर काटा वगैरे आला नाही. इथे बरेच जण लिहितात तसा थंडगार स्पर्श वगैरेही नाही. एसी आधीच थंडगार असतो. मला एवढंच वाटत होतं, की मी काहीतरी चुकीचं वाचते आहे आणि कोणीतरी येऊन ते दाखवून द्यावं. मी सरांना फोन केला.

"सर, आत या ना."

"काय झालं? बंद पडला?"

"नाही, काही झालं नाही. म्हणूनच या."

ते आले. मी माळ बाजूला करून दाखवलं. ते खाली वाकले, चष्मा वर-खाली केला. मग म्हणाले, "ही दुसऱ्या सर्व्हरची असेल."

नव्हती. त्यांनी स्वतः केबल एका हाताच्या चिमटीत धरली आणि रॅकभर, वरच्या ट्रेमधून, पलीकडच्या रॅकपर्यंत तिच्यावरून बोटं फिरवत गेले. डिस्कच्या पेटीत ती बरोबर तिच्या जागी लागलेली होती. तिथलाही दिवा विझलेला. म्हणजे पेटीच्या लेखीसुद्धा या केबलच्या पलीकडे कोणी नव्हतं.

सरांनी काचेवर टकटक करून तात्याला आत बोलावलं. तात्या कपाळभर कुंकू आणि हातात पेढ्यांचा पुडा घेऊन आला.

"घ्या म्याडम, पेढा."

"तात्या, ही केबल तू काढलीस?"

"व्हय. पुसाया काढलीती. लई धूळ हुती मागं."

"टोपण कोणी लावलं?"

"मीच. म्याडम काढत्यात तवा लावत्यात न्हवं? म्हून लावलं." माझ्याकडे बघून तो जरा अभिमानाने हसला.

"आणि परत लावली का नाहीस?"

"लावनारच हुतो. तेवढ्यात लाइनवरनं हाका माराया लागले. नारळ माझ्यापाशी. म्हनलं, लोंबती तर कुनाच्या पायात यील, म्हून बांधून ठिवली." मग त्याच्या लक्षात आलं. चेहरा उतरला. "सर... लाइन बंद पडली का माझ्यापायी?"

"लाइन चालू आहे."

तात्याने काचेतून बाहेर बघितलं. लाइन खरंच चालू होती. "मंग वरडताय कशापायी?"

सर ओरडत नव्हतेच. ते अगदी हळू बोलत होते. "तात्या, लाल मी काढली आहे. निळी तू काढली आहेस. या सर्व्हरला तिसरी केबल नाहीच."

तात्याने पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला.

आता हे सांगायला सोपं आहे, पण त्या क्षणी प्रश्न हा होता, की हात कशाला लावायचा. जे चालू होतं ते कशावर चालू होतं हेच माहीत नव्हतं. त्यामुळे ते कशाने बंद पडेल हेही माहीत नव्हतं. काचेपलीकडे पार्ट सरकत होते. त्यातला एक जरी थांबला असता, तर प्लांट हेडचा फोन आला असता आणि साळवे सर खुर्चीतून उठून उभे राहिले असते. नंतर बसायला खुर्ची राहिली नसती.

"निळीला हात लावू नकोस," सर म्हणाले. "आधी लाल परत लाव."

"तुम्ही लावता?"

"नको. मी स्क्रीन बघतो. तू लाव."

मी पलीकडच्या रॅकपाशी गेले. ते स्क्रीनसमोर बसले. मी लाल केबल पेटीत सरकवली, टक् आवाज झाला.

"लाल आली," सर म्हणाले. मग जरा थांबून, "निळी गेली."

लाल येण्याच्या त्याच क्षणी निळी गेली, की नंतर, हे मी सांगू शकत नाही. मी रॅकपाशी होते. सर म्हणतात, तेवढ्यात त्यांची पापणीही लवली नसेल. एखाद्याने आपलं ओझं थोडा वेळ धरावं आणि आपण हात पुढे केला की देऊन टाकावं, तसं, असं ते म्हणाले. आणि लगेच म्हणाले, "हे मी बोललो ते विसर."

मी टोपण काढलं, निळी केबल सर्व्हरला लावली. दोन्ही दिवे पेटले. दोन्ही ओळी चालू.

तात्या म्हणाला, "सर, आमच्या वावराच्या बांधाला म्हसोबा हुता. जेसीबीनं काढला त्यो. बराबर ह्याच अंगाला. त्योच आसंल."

"म्हसोबाला फायबर कळतं का, तात्या?"

"फायबर न्हाई कळत. राखन कळती."

सरांनी पेढा उचलला आणि खाल्ला.

आता कॉमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे, कारण ते सगळं मीच आधी म्हणून झालं आहे. स्क्रीन अडकली असेल... नव्हती, तिच्यावर नवीन पार्टचे नंबर येत होते. सर्व्हरने डेटा स्वतःच्या मेमरीत धरून ठेवला असेल आणि नंतर लिहिला असेल... पण डेटा डिस्कवर उतरल्याशिवाय सर्व्हर पार्टला उत्तर देतच नाही, ते सेटिंग मी स्वतः पाहिलं. शिवाय प्रत्येक स्टेशन पार्टची मागची नोंद डिस्कवरून वाचतं, ते वाचणंही चालू होतं. तात्याने केबल नंतर काढली असेल... तो काचेपलीकडे आमच्या नजरेसमोर होता, आणि लाल निघाल्यावर निळी काढली असती तर सर्व्हर तिथेच मेला असता. दुसऱ्या सर्व्हरने काम उचललं असेल... नाही, तो शांत बसून होता.

त्याच दुपारी आम्ही लाइनवर गेलो. त्या वेळात बनलेले पार्ट अजून क्रेटमध्येच होते. सरांनी हातातल्या स्कॅनरने ते तपासले. प्रत्येकाची नोंद सापडली. बोल्ट, जोर, वेळ, ऑपरेटर, सगळं जागच्या जागी. कुठे चूक नाही. कुठे जास्तीचं, विचित्र असंही काही नाही. खरं सांगायचं तर मी काहीतरी विचित्र सापडायची वाट बघत होते. नुसतं चोख काम होतं.

पुढच्या रविवारी प्लांट बंद होता. मी घरी आईला ओव्हरटाइम म्हणून सांगितलं आणि गेले. सरही आले. आधी आम्ही टेस्ट परत केली, नीट, प्रत्येक केबल काढून. सगळं पास. मग सर म्हणाले, "आता तसंच कर."

"कसं?"

"त्या दिवशी होतं तसं."

मी निळी काढली, टोपण लावलं, वेटोळं करून बांधलं. माळ तोवर वाळली होती, पण काढलेली नव्हती. स्क्रीनवर निळी लगेच बंद दिसली. मग सरांनी लाल काढली.

सर्व्हर पडला. जसा पडायला हवा तसा. दुसरा सर्व्हर सावकाश उठला आणि त्याने काम हातात घेतलं. सर घड्याळाकडे बघत होते. तेवढा वेळ लाइन थांबली असती.

"चला, म्हणजे आपलं सेटिंग बरोबर आहे," ते म्हणाले. त्यांना बरं वाटलं की वाईट, मला ओळखता आलं नाही.

रिपोर्टमध्ये मी जे झालं ते लिहिलं. लाल काढली तेव्हा निळी लागलेली नव्हती असं आढळलं, लाइन थांबली नाही, कारण समजलेलं नाही. सरांना दाखवला. त्यांनी वाचला आणि म्हणाले, "पाठव."

"सर, यातलं एक वाक्य काढलं तरी चालेल."

"कोणतं काढशील?"

मी एकेक वाक्य परत वाचलं. रिपोर्ट तसाच पाठवला.

संध्याकाळी मॅनेजरचा फोन. आवाज खुशीत होता. "केबल त्यांच्याच माणसाने काढली ना? मीटिंगला मी येतो. तू फक्त विचारलं की हो म्हण."

मीटिंगमध्ये प्लांट हेड, साळवे सर, माझा मॅनेजर आणि मी. प्लांट हेडनी रिपोर्ट न उघडताच विचारलं, "लाइन थांबली का?"

"नाही सर," साळवे सर म्हणाले.

"पण थांबू शकली असती," मॅनेजर म्हणाला. "दोन्ही केबल निघालेल्या होत्या. निळी प्लांटच्याच माणसाने काढली होती. आमच्या इंजिनिअरने डोळ्यांनी पाहिलंय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला ते अजिबात आवडत नाही.

"मॅडम, निळी केबल लागलेली नव्हती?"

"नव्हती सर."

"आणि लाल?"

"ती आम्ही काढली होती."

"मग सर्व्हर कशावर चालला?"

"माहीत नाही सर."

मॅनेजरने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी चुकीचं उत्तर दिलं होतं. साळवे सर उठून उभे राहिले. "सर, मीही पाहिलंय. केबल निघालेली होती. खोली माझ्या ताब्यात, साफसफाईला परवानगी माझी. तात्याला यात आणू नका. जबाबदारी माझी."

प्लांट हेडनी त्यांच्याकडे बघितलं. मग हसायला लागले.

"साळवे, बसा. तुम्ही प्रेस चालवलाय ना? वायर काढलेला प्रेस कधी चाललेला बघितलाय?"

"नाही सर."

"मग? केबल नव्हती आणि लाइन चालली, तर केबल घेतल्या कशाला आपण?" ते माझ्या मॅनेजरकडे वळले. "लेबलं उलटसुलट लागली असणार. जी लोंबत होती ती बिनकामाची केबल असेल. लेबलं कोणी लावली होती?"

मॅनेजर रिपोर्टची पानं उलटायला लागला. लेबलं आमच्याच कंपनीने लावली होती.

"बघा. आणि म्हणे डिपार्टमेंट आम्हाला द्या. साळवे, यांच्याकडून लेबलं बदलून घ्या. पुढचा मुद्दा, डिस्पॅच."

एवढंच झालं. आम्ही दोघांनी सगळं खरं सांगितलं, आणि ते खरं असूच शकत नव्हतं, म्हणून साळवे सरांची नोकरी राहिली. आज जेवताना पेपर वाचत होते.

मॅनेजर माझ्याशी काही दिवस फक्त मेलवर बोलत होता. आता बोलतो.

लेबलं बदलायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी जुनी सगळी सोलून काढली. मग एकेक केबल मी या टोकाला हलवायची आणि साळवे सरांनी पलीकडच्या टोकाला हात लावून सांगायचं, "हो, हीच." तात्या मधे उभा राहून दोन्हीकडे बघत होता. कुठलंच लेबल चुकलेलं नव्हतं. मी नव्या पट्टीवर तेच छापलं, जे जुन्या पट्टीवर होतं, आणि त्याच जागी चिकटवलं.

रेकॉर्डला आता लेबलची चूक आहे, दुरुस्त केल्याची नोंद आहे, विषय बंद आहे. त्या पार्टच्या नोंदी त्या वेळात कुठल्या वाटेने डिस्कपर्यंत गेल्या, ते मला अजून माहीत नाही.